कुंदाचे काळे मणी

मी, हरिचंद्र गोविंद भोईर, वय बासष्ट, मूळ गाव जांभूळ, हल्ली राहणार कुळगाव, बदलापूर पूर्व, अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त आणि धंद्याने सिनेमातला खलनायक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, पण कायदा छातीचे विचारत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट माझी पत्नी कुंदा सकाळपासून सांगते आहे की तो कागद बाजूला ठेवा आणि दोन घास खाऊन घ्या.

एक गोष्ट आधीच लिहितो. हे मृत्युपत्र तेरावे झाल्यावर उघडायचे नाही. माझे प्रेत घरात असताना, बायका कुंदाभोवती जमायच्या आत, मोठ्याने वाचायचे. कारण कलम सातमध्ये आहे. तिथपर्यंत वाचणाऱ्याने धीर धरावा, मला तर लिहितानाही धरवत नाही.

कलम १. राहते घर कुंदाचे, तिच्या पश्चात मुलगा श्यामकांत याचे. श्यामकांतने स्वतःचे लग्न जमवताना सासरच्यांना 'वडील कारखान्यात होते' एवढेच सांगितले. खोटे नव्हते, अर्धे होते. म्हणून अट अशी की दारावर माझ्या नावाची पाटी राहील आणि नावाखाली 'खलनायक' असे स्वच्छ लिहिलेले असेल. नुसते 'अभिनेता' चालणार नाही.

कलम २. जांभूळच्या शेतातला माझा हिस्सा धाकटी बहीण जनी हिला. पुढे तिच्याबद्दल जे लिहिले आहे ते वाचून कोणी हा हिस्सा अडवू नये. राग वेगळा, शेत वेगळे. त्या शेतात ती आयुष्यभर राबली आहे.

कलम ३. खोट्या मिशा, चाबूक आणि उल्हासनगरच्या शिंप्याने शिवलेला काळा कोट माझा मित्र धर्मराज याला. तो विठ्ठलवाडीला राहतो आणि तोही खलनायकच. कोट त्याच्या पोटावर बसणार नाही. बटणे लावायच्या भानगडीत पडू नये. आमच्या धंद्यात कोट उघडाच बरा दिसतो. माझे गुडघ्यापर्यंतचे बूट चंदू रिक्षावाल्याला, पावसाळ्यात त्याला उपयोगी पडतील.

कलम ४. इथल्या एका गणेश मंडळाने (नाव लिहीत नाही, त्यांना कळेल) मी काम केलेला चित्रपट मैदानात पडदा लावून दाखवला. नायकाला शाल, श्रीफळ आणि हार. मला मांडवाच्या खांबामागची खुर्ची, जिथून माझेच तोंड मला दिसत नव्हते. पडद्यावरच्या नामावलीत आम्ही कायम 'आणि इतर'. लोकांना हे माहीत नसते की नायकाची थप्पड आमच्या मानेतून वाजते. आम्ही मान वेळेवर फिरवली नाही, तर तो नुसता हवेत हात हलवणारा माणूस दिसेल. धर्मराज जिन्यावरून असा गडगडत यायचा की बघणारे जागेवरून उठायचे. त्याचा उजवा खांदा अजून वर होत नाही. टाळ्या ज्याने ढकलले त्याला. हे कोणीतरी कुठेतरी लिहायला हवे होते. कोणी लिहिले नाही, म्हणून मृत्युपत्रात लिहितो. त्या मंडळाला माझ्या घरातून यापुढे वर्गणी नाही.

मध्येच उठून दाराची कडी बघून आलो. लागलेलीच होती. कुंदा म्हणते, बसा एका जागी.

कलम ५. त्याच चित्रपटात मी नायिकेचे मंगळसूत्र हिसकावले होते. ती माझी खासियत, त्यासाठीच मला बोलावत. पुढच्या संक्रांतीला कुंदा शेजारी हळदीकुंकवाला गेली. कुंकवाची कोयरी तिच्यापर्यंत आली आणि तिला ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. वाणही मिळाले नाही. ती रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हा मला वाटले की आता ही रडणार आणि मला काम सोडायला लावणार. ती पायातल्या चपला काढत म्हणाली, "बायका अजून चिडल्यात तुमच्यावर. म्हणजे काम चांगलं झालंय." उभ्या आयुष्यात मला मिळालेले हे एकच पारितोषिक. ते सर्वस्वी कुंदाच्या मालकीचे आहे.

कलम ६. यात वाटणी काही नाही, फक्त माहिती आहे. हिसकावायच्या मंगळसूत्राचा दोरा आधीच ब्लेडने अर्धा कापून ठेवतात, म्हणजे ओढताना बाईच्या मानेला काचत नाही. बाकीचे खलनायक हे काम साहाय्यकावर सोडायचे. मी आणि धर्मराज दोरा प्रत्येक वेळी स्वतः तपासायचो. माझ्या हातून एकाही बाईच्या मानेवर वळ उठला नाही, याचा मला अभिमान आहे.

कलम ७. खलनायकाला शेवटी मरावे लागते आणि उघड्या डोळ्यांनी मरणे सोपे नसते. काम मिळायचे बंद झाले तरी मी बाहेरच्या खोलीत लादीवर पडून सराव करायचो. कुंदा मला वळसा घालून केर काढायची. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी मी श्वास रोखून, डोळे छताला लावून पडलो होतो आणि जनी गावाहून भाजी घेऊन आली. तिने मला पाहिले, हंबरडा फोडला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. कुंदा सांगत होती की अहो वन्सं, ते सराव करताहेत. ऐकतो कोण? मी उठून दारापर्यंत पोचलो तोवर जनीने कुंदाचे हात ओट्यावर आपटून बांगड्या फोडल्या होत्या आणि मंगळसूत्र ओढून तोडले होते. मला उभा बघून जनी मटकन खाली बसली.

"दादा, मी तं रीत केली," एवढेच ती पुनःपुन्हा म्हणत राहिली.

तिचेही खरे आहे. वडील गेले तेव्हा आमच्या आईचे तिने असेच होताना पाहिले होते. कुंदा गुडघ्यांवर बसून ओट्याखालचे काळे मणी वेचत होती. मनगटातून रक्त येत होते, मानेवर लाल वळ होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचा दोरा आधी कापलेला असायचा. हा नव्हता."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. डॉक्टर त्याला छातीचा आजार म्हणतात. मला भीती मरणाची नाही, इतक्यांदा मेलो आहे. त्या दुपारी मी उठू शकलो. पुढच्या वेळी मला उठता येणार नाही, त्याची भीती आहे.

म्हणून माझी शेवटची इच्छा आणि सक्त ताकीद: माझ्या मरणानंतर कुंदाच्या गळ्याला, हातांना, कपाळाला कोणीही हात लावायचा नाही. पुढे तिला स्वतःला काही काढावेसे वाटले तर ती काढील, तिच्या हाताने, तिच्या मनात येईल तेव्हा. हे लिहू का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "लिहा. आणि अक्षर मोठं काढा."

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धर्मराजकडे. बातमी कळताच त्याने चंदूच्या रिक्षाने यावे, काळा कोट चढवावा, हे सगळे खड्या आवाजात वाचावे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावे. जनी आली तर तिला आत घ्यावे, पोटभर रडू द्यावे, चहा द्यावा. कोणाचा हात पुढे आलाच, तर धर्मराजने पडद्यावर बघतो तसे फक्त बघावे.

प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी तो हरत आला आहे. माझ्या घरात, त्या एका दारात, त्याने हरू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे.
हरिचंद्र गोविंद भोईर, खलनायक

आमच्यासमोर सही झाली, सही करणारा पूर्ण शुद्धीत आणि बराच बेचैन होता:
१. विष्णुपंत केळकर, शेजारी
२. चंदू नाथा गायकर, रिक्षाचालक

बदलापूर, ११ नोव्हेंबर १९९३