पाकिटावरचं नाव

कोथरूड, पुणे
१२ मे २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही बरं बरं म्हणत राहता, म्हणून ही बातमी पत्रातच लिहितेय. बारावीला अठ्ठ्याऐंशी टक्के मिळाले. आईच्या क्लासच्या बोर्डावर माझा फोटो लागणार आहे. स्वतःच्याच मुलीचा फोटो कसा लावायचा म्हणून आई आधी लाजत होती. आता फोटो मनासारखा आला नाही म्हणून फोटोग्राफरला तिने दोनदा परत पाठवलंय.

आता खरी गोष्ट. मला इंजिनिअरिंगला जायचं नाही, निदान यंदा तरी नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी मधमाश्या पाळण्याचा आठ दिवसांचा वर्ग केला होता, आठवतंय? तिथे शिकवायला मांजरी गावच्या सुंदराबाई होत्या. त्यांच्या ऐंशी पेट्या आहेत. जिथे फुलोरा असेल तिथे त्या टेम्पोत पेट्या घालून जातात, इकडच्या बाजरीपासून तुमच्याकडच्या संत्र्यांपर्यंत. त्यांना हाताखाली कुणीतरी हवंय, आणि मला जायचंय. अख्खं वर्ष! पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा ती परत बंद करावीशी वाटेना. फिजिक्सच्या पुस्तकाबाबत माझं असं कधीच झालं नाही.

आईबाबांना अजून बोलले नाहीये, धीर गोळा करतेय. तोवर कृपा करून त्यांना कळू देऊ नका. मला फक्त एवढंच सांगा, मी वेडी आहे का?

लोभ आहेच, तो कानाच्या यंत्रासारखा कपाटात ठेवू नका.

तुमची,
प्रियू

आर्वी, जि. वर्धा
२० मे २०२५

चि. संतोष, सौ. नम्रता व चि. प्रियू यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमची खुशाली प्रियूच्या पत्रातून कळली. इकडे ऊन असं आहे बाप्पा, की कूलरसुद्धा धापा टाकतो. संतोषने पाठवलेलं यंत्र चांगलं आहे, नीट जपून ठेवलं आहे. शेजारच्या भैरूने यंदा मला विचारून लोणचं घातलं आणि मीठच विसरला. दोष अर्थातच माझ्यावर आला.

प्रियू, तू वेडी नाहीस. माश्यांसोबत वर्षभर फिरायचं म्हणतेस, त्यात वाईट काहून असावं? इंजिनिअरिंग कुठे पळून जात नाही. फक्त आईबाबांना लवकर सांग. घरात लपवाछपवी बरी नाही.

सर्वांनी प्रकृती सांभाळावी, आठवण ठेवावी.

रंगनाथ

कोथरूड, पुणे
२७ मे २०२५

ती. आजोबांस,
नमस्कार करतेय, पण रागाने.

तुमचं पत्र आलं की जेवणं झाल्यावर बाबा ते मोठ्याने वाचतात. हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही पाकिटावर त्यांचंच नाव घातलंत! लोणच्यापर्यंत आम्ही सगळे हसत होतो. मग बाबा त्या वाक्याशी आले. पुढचं त्यांनी मनातल्या मनात वाचलं, पत्राची घडी केली आणि माझ्या हातात दिली. आई म्हणाली की बोर्ड छापून आलाच आहे, आता माझ्या फोटोखाली मधाचा भावही टाकून घेऊ. ते एक वेळ परवडलं, कारण आई बोलते तोवर काळजी नसते.

बाबा चार दिवस बोललेच नाहीत. काल एकदाच म्हणाले की आर्वी सोडून ते पुण्याला आले ते मुलीने टेम्पोच्या मागे बसून फिरावं म्हणून नाही. आजोबा, मी खूप रडले हो. मला जायचंय. पण ते असे पाठ फिरवून बसलेले असताना मला उंबरठा ओलांडता येणार नाही.

राग आहे म्हणून पत्र लिहायचं थांबवू नका.

प्रियू

आर्वी
५ जून २०२५

चि. संतोष यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे, मोठ्याने वाचू नकोस. पन्नास वर्षं मी पत्र घरच्या कर्त्याच्या नावाने घालतो. पोरीच्या पत्राला पोरीच्या नावाने उत्तर द्यावं, हे मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसाला सुचू नये! चूक माझी आहे. तिच्यावर रागावू नकोस.

आता दुसरी चूक, ती जुनी आहे. तू बारावी झालास, तेव्हा मी तुझ्यासाठी डी.एड.ची जागा बघून ठेवली होती आणि तुला पुण्याला जायचं होतं. तू निघालास त्या दिवशी तुझी आई एकटीच एसटी स्टँडवर आली. मला शाळा आहे असं मी तुला सांगितलं. संतोष, त्या दिवशी रविवार होता. तुलाही ते माहीत होतं, तरी इतक्या वर्षांत तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मी ओट्यावर बसून राहिलो, आणि एसटी गेली असेल तेव्हा मला फार वाईट वाटलं. ते आजतागायत वाटतं.

तू तिला पाठव किंवा पाठवू नकोस, बाप तू आहेस. पण तिच्याशी बोल.

तुझा,
बाबा

कोथरूड, पुणे
१९ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र बरेच दिवस ऑफिसच्या बॅगेत घेऊन फिरत होतो.

मग एकदा प्रियूला स्कूटरवर घेऊन मांजरीला गेलो. सुंदराबाईंनी मला आधी खाली बसवलं आणि डोक्याला वासाचं तेल लावून पेट्यांजवळ येतात का, म्हणून झापलं. तेवढ्यात नाकावर एक डंख बसलाच. बाई सरळ आहेत, हिशेबी आहेत आणि प्रियू त्यांचं ऐकते, आमचं ऐकत नाही एवढं. पेटी उघडताना तिचा चेहरा पाहिला आणि मला नाही म्हणवेना. एक वर्ष जाईल, पुढच्या जूनमध्ये शेतकीच्या कॉलेजचा फॉर्म भरेल, असं ठरलं आहे. तो अर्ज नम्रताने आत्तापासूनच कपाटावर चिकटवून ठेवला आहे.

काल सगळा ताफा बाजरीच्या शेतांकडे निघाला. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथे होतो. काल सोमवार होता, बाबा. मी रजा टाकली होती.

तुमच्यावर राग कधीच नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. आता नाही.

तुमचा,
संतोष

आर्वी
९ फेब्रुवारी २०२६

चि. प्रियदर्शनी हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वीस दिवस तुझ्या पेट्या इथल्या संत्र्यांच्या बागेत होत्या आणि सकाळचा चहा मी तिथेच प्यायलो. बहर एवढा दांडगा होता की भैरूलाही शिंका यायला लागल्या. तू यंत्र कानात घालायला लावलंस तरी मला माश्यांचा आवाज नीट येईना. मग तू माझा तळहात पेटीवर टेकवलास. आतली गुणगुण हाताला लागली आणि मला रडू आलं, हे तू पाहिलंस. ते कुणाला सांगू नकोस, म्हणजे सांगितलंस तरी चालेल.

तुझे हात राकट झाले आहेत. आईला आधी कळव, नाहीतर एकदम बघून ती घाबरेल.

या पाकिटावर फक्त तुझं नाव घातलं आहे. बाबाला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

काल तुमचा टेम्पो निघाला तेव्हा मी फाट्यापर्यंत चालत आलो होतो. तू हात हलवत होतीस, मीही हलवत होतो. वार कोणता होता ते पाहिलंच नाही.

तुझा,
आजोबा