स्पंज काढणाऱ्यांचे कान

प्रिय फिलिनस,

मधाचं मडकं अर्धं सांडून पोचलं, तुझी लिखाणाची गुंडाळी मात्र धड पोचली. उलटं झालं असतं तर बरं होतं.

अक्षरं तूच शिकवलीस मला, बंदराच्या वाळूत काडीनं. त्याच जोरावर अथेन्सच्या तुमच्या पाठशाळेचं लिखाण मी धक्क्यावर सगळ्या पाणबुड्यांना वाचून दाखवलं. केवढा तोरा होता माझा. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी का येतं, समुद्र खारट का, आणि प्रत्येक प्रश्नाखाली 'कदाचित यामुळे, की त्यामुळे?' म्हातारा खारिलाओस म्हणाला, पोराला धड एक उत्तर येईना म्हणून दोन-दोन देतोय. मी त्याच्यावर खेकसले. माझ्या भावाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

मग तुझ्या हातचा प्रश्न आला. स्पंज काढणाऱ्यांचे कान पाण्याखाली का फुटतात? अरे, तू या बेटावर जन्मलास. बाबांच्या कानातून रक्त येताना पाहिलंस. तरी इथल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही? तिकडे झाडांच्या सावलीत फेऱ्या मारत तुम्ही दोघा-तिघांनी ठरवून टाकलंत, की कानाला आतून आधीच भोक असेल तर कदाचित पाण्याचा जोर लागत नसावा. वर मला चिठ्ठीत लिहिलंस, सगळं पारखून घेतलंय.

थेरॉनला तुझं किती कौतुक, तुला ठाऊक आहे. कान दुखून आठवडाभर तळमळत होता बिचारा. मला म्हणाला, मेहुणा एवढा शिकलेला, उगीच लिहील का? तुमचं ते 'कदाचित' आम्ही मनावरच घेतलं नाही. कानांना आतून भोक पाडल्यावर पहिल्याच बुडीला गार पाणी आत शिरलं आणि वर कुठे, खाली कुठे, हेच त्याला कळेना. दोरीनं ओढून काढला म्हणून वाचला. आता माझा नवरा भिंत धरून चालतो. मागून हाक मारली तर वळत नाही.

वसंतातल्या पहिल्या जहाजानं या गुंडाळीच्या नकला कोस आणि ऱ्होड्स बेटांवर जाणार, असं तू लिहिलं होतंस. त्याआधी तो प्रश्न खोड. तुझ्या गुरुजींना राग आला तर येऊ दे. तिथल्या घरांतही कोणाचे तरी कान दुखत असतील, आणि वाचता येणारी एखादी बायको असेल. थेरॉननं दुसऱ्या कोणाला कानाला हात लावू दिला नाही. सुई मी धरली होती, फिलिनस, तुझी गुंडाळी पुढ्यात उघडी ठेवून.

तुझीच बहीण,
मिर्टाली