उतारावरची ट्रॉली

बाबा, तुमचं पिकअप आता मीच चालवते. बाजारहत्नूरहून भाजी भरून आदिलाबादच्या बाजारात नेते. बाजूच्या सीटवर कोणी नसतं, तरी माल चढवताना मी तुमचं वजन धरते आणि तेवढे क्रेट कमी भरते.

गाडी शिकवायच्या आधी तुम्ही मला वजन शिकवलंत. अंगणात गाडी उभी आहे, मी वांग्याच्या पोत्यांवर पोती रचते आहे, आणि तुम्ही गाडीच्या दाराजवळच्या वजनाच्या पाटीवर बोट ठेवून रागावता आहात. "हा आकडा नुसत्या मालाचा नाही, पोरी. गाडी, डिझेल, माल, आपून दोघं, समदं मिळून एवढं. अन् मागं काई जोडलं त त्याचा भारबी गाडीवरच येते." मी म्हटलं, इंजिन तर ओढतं ना? "ओढते. थांबवाचं कसं, ते सांग."

मागच्या आठवड्यात हायवेच्या आधीच्या उतारावर शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर बंद पडलेला दिसला. मागे कापसाने भरलेली ट्रॉली. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी चहाला येणारे तेवढेच एक. म्हणाले, "हूक लाव अन् खालच्या सडकेपर्यंत ओढून दे."

"काका, माह्या गाडीत टमाटे भरले हायेत. रिकामी असती तरी जमलं नसतं. ट्रॉलीले बिरेक नाही, उतारावर ते मलेच ढकलत नेते. टमाटे उतरवून येते, मंग कापूस खेपा करून नेऊ."

"काऊन एवढा हिशोब करून राह्यली? तुहा बाप असता त नाही म्हटला नसता."

मी दार ओढून घेतलं. गाडी सुरू केली. आरशात ते ट्रॉलीला टेकून उभे होते, माझ्याकडे पाठ करून. बाजारातून परत आले तेव्हा दुसऱ्या कोणाच्या ट्रॅक्टरने ट्रॉली नेली होती, नीट, काही न होता. तेव्हापासून काका चहाला येत नाहीत. काल फाटकाशी त्यांचा खोकला ऐकू आला म्हणून मी आधणात पाणी वाढवलं. ते पुढे निघून गेले.

तुम्ही शिकवलेलं बरोबर होतं, याबद्दल मला शंका नाही. पण काकांना तुम्ही नाही म्हटलं असतं का, ते मला ठाऊक नाही. हे पत्र कुठे टाकणार? खरं सांगू, आज कागद घेऊन बसले ती काकांना लिहायला. त्यांना काय लिहावं ते सुचेना.