कॉलरच्या आतली ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

काढलं!

सकाळी नऊला दुकानात गेलो, तर माझ्या टेबलावर दुसराच कोणी कापड पसरून उभा. धाकटे मालक मोजपट्टी गुंडाळत म्हणाले, "मास्तर, उद्यापासून नका येऊ." मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे आजही थांबू नका." झालं. एकोणतीस वर्षं या हातांनी कोट बेतले, आणि निरोप दोन वाक्यांत! कात्री मागितली. म्हणाले, "ती दुकानाची आहे." अहो, ती माझी आहे! — पण हे मी म्हणालो बाहेर आल्यावर, फुटपाथला.

हिला सांगितलेलं नाही. बागेत बसून डबा खाल्ला आणि नेहमीच्या वेळेला घरी आलो.

५ फेब्रुवारी

आजही बाग. पलीकडे शाळा आहे. मुलं एका सुरात कविता म्हणत होती. आमचे गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे आणि आम्ही चाळीस जण एका श्वासात नदी, डोंगर, पाखरं सगळं पार करायचो. शब्द गेले तरी चाल अंगात राहते. मीही नकळत ओठ हलवत होतो. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थाने सहज विचारलं, "काय करता आपण?" खोकल्याचं निमित्त करून उठलो.

६ फेब्रुवारी

हिला कळलं. "तीन दिवस झाले, तुमच्या बाहीला खडू नाही. कुठे जाता?" सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. तर म्हणते, "तुम्हाला रडायचं असेल तर आज उरकून घ्या. उद्या कामगार कार्यालयात जायचंय."

७ फेब्रुवारी

लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास. अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. नेमणुकीचं पत्र? नाही. हजेरीपट? नाही. पगाराची पावती? हातावर मिळायचा. मला वाटलं, आता दार दाखवणार. पण बाई म्हणाल्या, "कागद नाही म्हणजे नोकरी नव्हती, असं होत नाही काका. आणि लेखी सूचना नाही, कारण नाही, असं एका सकाळी उठून काढताही येत नाही. पण तुम्ही तिथे वर्षानुवर्षं काम केलंत, हे मला दिसलं पाहिजे. कोणी साक्ष देईल?"

मी दुकानात काजं करणाऱ्या बाईंचं नाव सांगून बसलो. परत येताना लक्षात आलं. त्यांच्याकडे तरी कुठे कागद आहे? माझ्यापायी त्याही रस्त्यावर येतील!

१२ फेब्रुवारी

काजवाल्या बाई येऊन गेल्या. उंबऱ्यातच उभ्या, आवाज खाली. "धाकटे म्हणालेत, अर्ज मागे घ्या, नाहीतर कापड चोरल्याची तक्रार करीन. मास्तर, मला नका हो यात ओढू. पोरीचं शिक्षण चाललंय." मी म्हटलं, नाव काढून घेतो. त्यांनी डोळे पुसले आणि जिन्याला लागल्या.

चोर! या वयात!

१३ फेब्रुवारी

आमच्या ट्रंकेत कोटांच्या कापडाचे तुकडे भरलेत. थोरले मालक द्यायचे, "वहिनींना द्या, उशांना होतील." पण हे कोणाला पटणार? थोरले जाऊन तीन वर्षं झाली. आज तुकडे पिशवीत भरून टाकायला निघालो, तर ही दारात आडवी. "म्हणजे मी इतकी वर्षं चोरीच्या मालावर डोकं टेकून झोपले म्हणायचं! ठेवा ती पिशवी. टाकलीत तरच चोर ठराल." ठेवली. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की दाराच्या फटीतून बघतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुनावणी. धाकटे आले ते थोरल्यांचा करडा कोट घालून. तोऱ्यात म्हणाले, "हे अधूनमधून यायचे, बाबांशी गप्पा मारायला. कामाला कधीच नव्हते." बाई माझ्याकडे बघताहेत, मी त्या कोटाकडे. आणि भडाभडा बोलून गेलो — जे हिलाही कधी सांगितलं नव्हतं.

कोट मी बेतायचो, पण कॉलर शिवायची थोरल्यांनीच, हाताने. दुसऱ्याला सुई लावू देत नसत. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जाड बकरम घालतात. ते कापलं की त्यावर मी पेन्सिलीने एक ओळ लिहायचो, शाळेतल्या कवितेची. मग कॉलर बंद, ओळ आत. लोक लग्नाला, नोकरीला, परदेशाला गेले माझ्या ओळी मानेवर घेऊन! थोरल्यांना त्या दिसत नसाव्यात. चष्मा न लावता शिवायचे, कधी अक्षर बोलले नाहीत.

बाईंचं पेन थांबलं. "या कोटात आहे?" मी म्हटलं, "सगळ्यांत आहे." धाकटे हसले. "उसवा की मग! पण आत काही नसलं, तर मास्तरांनी तिथेच लिहून द्यायचं, की मी या दुकानात कधीच नोकरीला नव्हतो. कबूल?"

कबूल, म्हणालो. बोलण्याच्या भरात! तोवर कार्यालयाची वेळ संपली. बाईंनी कोट कपाटात कुलूपबंद केला. उद्या अकरा वाजता.

१८ फेब्रुवारी, पहाट

आठवलं. देवा, आठवलं!

करडा कोट दहा वर्षांपूर्वीचा. त्याच आठवड्यात दादा गेला होता. मला कविता शिकवल्या त्या दादाने, गुरुजींनी नंतर. त्याला पोचवून कामावर आलो आणि हाच कोट बेतायला घेतला. पेन्सिल धरून किती वेळ उभा होतो. एक ओळ आठवेना. मला! बकरम तसंच पुढे सरकवलं. एवढ्या कोटांत तेवढा एकच कोरा, आणि मी नेमका त्याच्यावर हात ठेवला.

हिला उठवून सांगितलं. म्हणाली, "शर्ट द्या, इस्त्री करते."

मी कधीच तिथे नव्हतो, असं आज माझ्या हाताने लिहायचं.

१८ फेब्रुवारी, दुपार

कॉलर उसवली. माझी ओळ नव्हती.

दुसरीच होती. थोरल्यांचं अक्षर, खाली सही, तारीख. धाकट्यांनी ओळखलं आणि बाईंनी त्यांनाच वाचायला लावलं:

"मास्तर, आज ओळ नाही? एकोणीस वर्षांत तुमच्या हातचं पहिलंच कोरं बकरम. घरी सगळं ठीक आहे ना?"