जुन्याच बोर्डावर

सौसर,
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. तेजस्विनी हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम आहे. संत्री उतरली. माल बारीक आहे म्हणून व्यापाऱ्याने तोंड वाकडे केले आणि सगळा घेऊन गेला. तुझ्या लग्नापासून आपण बोललेलो नाही, तेव्हा माझे अक्षर पाहून दचकशील. दचकू नकोस, विषय संगणकाचा आहे. फोन केला असता, पण तुझ्या आईचे कान हल्ली फार तयार झाले आहेत.

तू मागे ठेवून गेलेल्या संगणकावर ती बंदुकीचा खेळ खेळते. पूजा आटोपली की कानाला हेडफोन, आणि "मागून येऊन राहिला थो, दाराआड लप" असे आदेश सुरू. मी विचारले, "कोणाशी बोलून राहिली वं?"

"टीमवाली हाय एक. तुमच्या ओळखीची नाई."

माझा संशय तिथेच जागा झाला. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे मी मुलांना वीस वर्षे शिकवतो आहे. मंगळवारी शत्रू चालून आला असता तुझी आई म्हणाली, "मरू दे त्याले. तू लोहाचं औषध घेतलं का? अन् सातवा लागला ना, मंग पाय वर घेऊन बस."

सैन्यात असे विचारत नसावेत. मी चहा मागितला.

तेवढ्यात पडदा गोठला. हे यंत्र नेमके बोलणे रंगात आले की गोठते. ती माउस धरून त्या थिजलेल्या चित्राकडे पाहत राहिली, चहाचे विसरली. तेव्हा मी प्रोसेसर बदलायचे ठरवले.

काल त्यासाठी पांढुर्ण्याला आलो होतो. तुमच्या घरावरून मी गेलो नाही. रिक्षावाला गेला, मी फक्त आत बसलो होतो.

अतुल नावाचा दुकानदार म्हणाला, "गुरुजी, नवा प्रोसेसर घ्याल तं मदरबोर्डही नवा, रॅमही नवी." पेटीत वर मोठी संत्री लावणाऱ्यांपैकी वाटला. उलटतपासणी घेतली तेव्हा कबूल झाला, की मागच्या पिढीचा रायझन प्रोसेसर तुझ्या जुन्याच बोर्डावर बसतो, रॅम आणि ग्राफिक्स कार्डही तेच चालते. "पन आधी बोर्डाचा बायोस, म्हंजे त्याच्या आतला मूळ प्रोग्राम, अपडेट करा लागते, थेही जुना प्रोसेसर जाग्यावर असतानाच. नाईतं नवा बसवला तरी स्क्रीन काळीच राहीन."

म्हणजे नव्याची ओळख घराला जुन्यानेच पटवून द्यायची, आणि मग बाजूला व्हायचे. हा नियम कोणी केला ठाऊक नाही. मला जरा खोचक वाटला.

तरी घेतला. बसवायला फुकट येतो म्हणाला, तेव्हा मात्र मी निघालोच.

डबा कपाटात आहे, तुझ्या आईला पत्ता नाही. इतक्यात बसवणारही नाही. संगणक सुरळीत चालला, तर तुम्ही मायलेकी आपापल्या गावी बसून बाळंतपणही हेडफोनवर उरकाल, अशी मला दाट शंका आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. हे तुला ठाऊक आहे, आणि तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

तुझ्या गौतमरावांना संगणकातले कळते, असे तुझी आई ऐन गोळीबारात म्हणाली होती. त्यांनी बायोस करावा. मी शेजारी खुर्ची टाकून लक्ष ठेवीन, एकदम विश्वास टाकायची मला सवय नाही. त्याला वेळ लागेल, तेव्हा त्यांनी मुक्कामाचे कपडे आणावेत.

पुढच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन तुम्हा दोघांना न्यायला येतो. दार उघडशील की नाही, एवढीच शंका उरली आहे.

वाट पाहणारा,
तुझा बाबा