लिसिस म्हणजे सुटणं

३ जून, पुसद

झाली निवड! यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजात शिकवायची नोकरी. सोळा तारखेला हजर व्हायचं. अन् बाबांना सांगायची हिंमत नाही. फेब्रुवारीपासून त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आंघोळ, औषध, घास — सगळं माझ्याच हातानं.

५ जून

मुलाखतीतला नमुन्याचा तास डोक्यातून जाऊन नाही राह्यला. विषय होता रोगांच्या नावांतले ग्रीक शब्द. मी 'लिसिस' घेतला. मूळ अर्थ सोडणं. अ‍ॅनालिसिस — गुंता पुरता सोडवणं. डायलिसिस — वेगवेगळं करणं. पॅरालिसिस — एका बाजूनं सुटणं, ढिलं पडणं. ग्रीकांचा धर्मशाळेसाठीचा शब्द 'कॅटालिमा', तोही याच घरातला, वाटसरूंनी जनावरं सोडायची जागा! आपलं काय वेगळं, म्हटलं — गणित सोडवतो, उपास सोडतो, सोडचिठ्ठी देतो. पोरी हसल्या.

तांड्यावरची एक उठली. "मॅडम, सुटलं म्हन्ता, मंग मानूस खाटेले अडकते काहून?"

मी घड्याळाकडे पाह्यलं. वेळ संपली म्हणून वाचले.

८ जून

साकेतला पुण्याला फोन केला. नोकरीचं सांगितलं, पंधरा दिवस तरी ये म्हटलं. "ताई, तू तर घरचीच नर्स! मी येऊन काय दिवे लावणार?"

धाकटा ना तो! नर्सिंग शिकले तेच गळ्यात पडलं.

११ जून

बाबांना ठसका लागला. डोळे पांढरे. कसाबसा घास बाहेर काढला. यांना परक्याच्या हाती कसं देऊ? राग येतो त्यांचा. खूप येतो. मग स्वतःचीच लाज वाटते.

१२ जून

चादर तीनदा बदलली. बस्स.

१४ जून

सकाळी कॉलेजला नकार कळवला. "ठीक आहे, दुसऱ्या उमेदवाराला बोलावतो," म्हणाले. दोन मिनिटं लागली! बाबांना काही माहीतच नाही, तर सांगायचं तरी काय?

१५ जून

दिग्रसहून सत्यभामाआत्या आली. दोन मोठ्या बॅगा. "राह्यालेच आली व मी. तू साकेतशी बोलत होती ते तुह्या बाबानं, सदाशिवनं आयकलं. मले फोन लावला बाप्पा त्यानं, डाव्या हातानं! म्हने, अक्का, तू ये, पोरीले जाऊ दे."

बाबा माझ्याकडे बघून हसले. अर्ध्याच तोंडानं.

नकाराचं मी अजून सांगितलं नाही.