बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत

३ मार्च, सोमवार

आईच्या हातांची थरथर वयाची नाही. कंपवात. आज डॉक्टरांनी नाव सांगून टाकलं. गोळ्यांनी वेग कमी होईल, पण जाणार नाही. "वर्षभरात बारीक हालचाली जड जातील. बटण लावणं, सुई ओवणं वगैरे," असं ते मला समजावत होते. आईला ऐकू येत नाही, ती हातांनीच बोलते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. पण ते बटणावरच अडून बसले.

रिक्षात आईनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, गोळ्या दिल्यात. तिनं माझं मनगट धरून हात स्वतःच्या तोंडापाशी ओढला नि पुन्हा सांगायला लावलं. संशयी बाई! मी पुन्हा तेच सांगितलं.

५ मार्च

अर्धा दिवस रजा. मूकबधिर शाळेतल्या बाईंना भेटले. आईच्या खुणा करून दाखवल्या. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही शिकवतो ती भाषा ही नव्हेच. ही तुमच्या घरचीच आहे."

ते मला माहीत आहे. आई आणि मावशी, दोघी जन्मापासून अशा. शाळेत कुणी घातलं नाही. मग दोघींनी आपापसात बोलायला जे काही जमवलं ते हे. बाबा लग्नानंतर शिकले. मी तर बोलायच्या आधी हे शिकले. मावशी गेली, बाबा गेले. धाकटा नवव्या वर्षी होस्टेलला गेला, त्याला आता जेवण, झोप आणि 'पुरे' एवढंच येतं. उरलो आम्ही दोघी. आईचे हात थांबले की मी कुणाशी बोलणार? भिंतीशी?

बाई म्हणाल्या, चित्रण करून ठेवा, लवकर. साध्या कॅमेऱ्यावर नको, त्यात बोटं एकमेकांत मिसळतात. हाय डेफिनिशन घ्या, आता परवडण्यासारखे आलेत.

८ मार्च, शनिवार

पाय दुखतायत. कॅमेऱ्याचं दुकान. दुकानदार प्रत्येक वाक्याला 'एकदम ओके' म्हणतो, त्यामुळे त्याचं नाव तेच.

मला वाटलं होतं कॅमेरा निवडायचा. तसं नाही. कॅमेरे सगळे सारखेच, निवडायचं ते चित्र कशावर उतरवायचं हे! टेप, छोटी चकती, हार्ड डिस्क, कार्ड. चार टेबलांवर चार कॅमेरे मांडून ठेवले होते. चकती काढून थेट टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालता येते. एकदम ओके. पण या बारीक चित्राची एका चकतीवर वीसच मिनिटं मावतात, हे मी खोदून विचारल्यावर कळलं. आईला एक गोष्ट सांगायला वीस मिनिटं लागतात, त्यात मावशीचा विषय निघाला तर दिवस.

विचार करून सांगते म्हणाले. "आणि टेप?" विचारलं तर हसला. "ताई, टेप आता कोण घेतं? तो शोकेसमधला शेवटचा पीस आहे."

९ मार्च

धाकट्याचा फोन. परदेशातून सल्ला फार स्वस्त पडतो. "ताई, हार्ड डिस्क घे. पन्नास तास मावतात. बदलायची कटकट नाही." मी विचारलं, पडला कॅमेरा तर? म्हणाला, "पाडू नकोस ना." घरात एका माणसाचे हात थरथरतात, दुसरं माणूस दिवसभर राबून पेंगतं, आणि म्हणे पाडू नकोस! आईनं विचारलं कुणाचा फोन. मी नाक पुसल्याची खूण केली. धाकट्याचं आमच्या भाषेतलं नाव ते. चाळिशीचा झाला तरी नाक पुसतोच आहे. आई खूप हसली.

१२ मार्च

ऑफिसात आज एकोणीस फोन. लिफ्ट अडकलीय, लिफ्ट उघडत नाही, लिफ्ट आवाज करते. घाबरू नका, माणूस निघालाय. दिवसभर हेच बोलते. घरी आल्यावर तोंड उघडायची शिसारी येते. आईशी तोंड उघडावं लागत नाही, हे एक सुख.

पण आज तिनं माझ्याकडे तोंड वळवून धड बघितलंही नाही. मान तिरकी करून कडेनं बघते हल्ली. कसला राग धरलाय कोण जाणे. विचारायचं त्राण नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा दुकान. या वेळी हुशारीनं गेले. म्हटलं, चारही कॅमेऱ्यांपुढे मी हात हलवते, मोठ्या टीव्हीवर दाखवा. एकदम ओके म्हणाला, पण चेहरा तसा नव्हता. चार गिऱ्हाइकं गोळा झाली. मी आईच्या वेगानं एक आख्खं वाक्य केलं. तेच चारदा.

कार्डावर हात स्थिर असेपर्यंत फार सुंदर, नखंसुद्धा दिसतात. पण बोटं भरभर हलली की चौकोन चौकोन होतात. अनामिका तर गायबच. हार्ड डिस्कचंही तेच, म्हणे दाबून साठवतात. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात फार दाबतात. टेपवर बोटं बोटंच राहिली.

शिवाय कार्ड भरलं की ते कॉम्प्युटरवर उतरवून पुसायचं नि पुन्हा वापरायचं. मला पुसायचं नाहीये! टेप भरली की चिकटपट्टीवर तारीख लिहून कपाटात ठेवायची, संपलं. वाईट एकच. टेप कॉम्प्युटरवर घ्यायला जेवढ्या तासाची टेप तेवढाच तास लागतो. कार्डासारखं ओढलं नि टाकलं असं नाही. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवावीच लागते.

"खुणांनी काय म्हणालात?" एकदम-ओकेनं बिल करताना विचारलं. मी म्हटलं, दूध उतू गेलं. खरं तर म्हटलं होतं, हा माणूस बडबडतो फार.

टेपवाला घेतला. धाकट्याला कळवलं. उत्तर, "तू म्हणजे ना..." पुढे नुसती टिंबं.

१६ मार्च

पहिला प्रयत्न. सगळा विचका.

कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा लागतो. आई बोलली, थांबली, मी काय म्हणते त्याची वाट बघत बसली. आणि मी मुकी! हात गुंतलेले. पंधरा दिवस डोकं शिणवून टेप निवडली, पण कॅमेरा धरणाऱ्याला आमच्या भाषेत बोलताच येत नाही एवढं सुचलं नाही. आईनं विचारलं, रुसलीस का? मी मान हलवली. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

उद्या तिवई आणते.

२२ मार्च

तिवई आणली. एक हात सुटला, एक कॅमेऱ्यावरच. बोटं पुढे आली की चित्र धूसर होतं, सारखं फिरवून नीट करावं लागतं.

वहीत यादी केली आहे. सहाशे बारा शब्द. मी वस्तू दाखवते किंवा एका हातानं अर्धी खूण करते, आई पुरी खूण करते. मग मी हात गोल फिरवते, म्हणजे पुढचा. आज पाण्याच्या सात खुणा. उकळतं, गार, गळकं, पिण्याचं, नळ गेल्याचं, डोळ्यातलं, आणि एक मावशीचं खास, जे कशाचं आहे ते मला कधी कळलंच नव्हतं. विचारायला हवं होतं. राहिलं.

२३ मार्च

दुसरी टेप. थरथर वाढली तर? म्हणून घाई. आई मधेच काहीबाही सांगत बसते नि यादी मागे राहते. खुर्ची खिडकीपाशी हवी म्हणते, कॅमेऱ्याकडे सरळ बघत नाही. तीनदा तिची हनुवटी धरून तोंड समोर केलं. चौथ्यांदा तिनं माझा हात झटकला.

मीही चिडले. हे सगळं कुणासाठी चाललंय?

मग एक वाटी घासता घासता वाटलं, माझ्यासाठीच. तिला काय, तिला तर ही भाषा येतेच.

३० मार्च

तिसरी टेप. एकशे चाळीस शब्द झाले. मी सगळा वेळ त्या बोटभर पडद्यात बघत होते. करंगळी कापली जात नाही ना, अंगठा धूसर नाही ना. चित्र अप्रतिम. आई आज गुणी होती, शेवटी शेवटी तर नुसती सांगितल्या कामाची. संपल्यावर तशीच बसून राहिली. मी दिवा लावून-बंद करून तिला हाक मारली, जेवायला चल. तिनं लगेच बघितलं नाही.

४ एप्रिल

ऑफिसात ओव्हरटाइम. आईशी एक शब्द नाही झाला. ती झोपलेली.

५ एप्रिल, शनिवार

आईचा कप फुटला. तिनं टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. हात! म्हणजे वाढतंय. उद्यापासून दोन टेपा करायच्या, सकाळी एक, दुपारी एक.

आज मात्र आधीच्या टेपा कॉम्प्युटरवर घ्यायच्या. शाळेतल्या बाईंना दाखवायला हव्यात. पहिली लावली. तासाला तास. मधे उठायचं नाही, कारण हे यंत्र दर दहा मिनिटांनी अडतं. कार्ड घेतलं असतं तर ओढून टाकून आता पाय लांब करून पडले असते. धाकटा बरोबर होता, पण त्याला हे कधीच सांगणार नाही.

बसून बसून दुसरं करायला काही नाही, तर निदान आई काय बोलते ते बघावं. घेताना कुठे बघितलं होतं! पहिल्या टेपेत ती म्हणते, या पोरीला काय झालंय, हिनं हातात डबा धरलाय. कॅमेऱ्याला डबा! हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

आता दुसरी. मग तिसरी.

५ एप्रिल, संध्याकाळी

तिसरी टेप, अठ्ठावीस मिनिटं. मी 'काळोख' विचारलाय. आई काळोख करते आणि थांबत नाही. यादीत नाही असं काहीतरी सांगते आहे, सावकाश, एकेक बोट स्पष्ट. म्हणते, मधोमध काळं दिसतं. तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात. हात जवळ आणलेस तरच कळतं काय म्हणतेस. शेजारच्या वहिनींना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, बरं व्हायचं नाही म्हणाला. माझे हात राहू देत. थोडंफार दिसतंय तोवर तू बोल माझ्याशी.

मग ती वाट बघते. बराच वेळ.

उजवीकडून चित्रात एक हात येतो. माझा. गोल फिरतो. पुढचा शब्द.

आई मान हलवते आणि मीठ करून दाखवते.